छाटलेला गुलाब शेंड्याकडून काळा पडत जातो, तेव्हा

छाटणीला आठ-दहा दिवस झालेले असतात. कापलेल्या टोकाशी काडी तपकिरी होते, मग काळी, आणि तो काळेपणा रोज थोडा थोडा खाली सरकतो. वाटेत फुगू लागलेला डोळा असला तर तोही सुकतो. काळा भाग कुठे संपला आणि हिरवा कुठे सुरू झाला ही रेघ अगदी स्पष्ट दिसते आणि दोन दिवसांनी बघावं तर रेघ आणखी खाली. काही झाडं मध्येच सावरतात. काहींत ती थेट कलमाच्या गाठीपर्यंत जाते. मग गाठीच्या खालून एक लांबलचक, फिकट हिरवा, भराभर वाढणारा फुटवा वर येतो आणि घरातलं कोणीतरी आनंदानं सांगतं, ‘जगला हो तुमचा गुलाब!’ जगलेला असतो तो खालचा खुंट, म्हणजे ज्यावर गुलाबाचं कलम बांधलेलं असतं ते जंगली झाड. गुलाब गेलेला असतो.

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही अंगणात हे बघायला मिळतं आणि जवळजवळ नेहमी जून ते सप्टेंबर याच दिवसांत. दरवर्षी, पुष्कळदा त्याच घरांत. लोक खत बदलून बघतात, माती बदलतात, दुसऱ्या नर्सरीतून रोप आणतात. छाटणीचा महिना तेवढा कुणी बदलत नाही.

असं का होतं

काळं पडण्यामागे बुरशी आहे. डिप्लोडिया ही त्यातली नेहमीची. शेंडेमर किंवा डायबॅक म्हणतात तो रोग हाच. धडधाकट सालीतून ही बुरशी सहसा आत शिरत नाही, तिला जखम लागते. कात्रीनं कापलेलं टोक, फूल खुडल्यावर राहिलेला देठ, वाऱ्यात काटे घासून सोलवटलेली साल, यांपैकी काहीही चालतं. वाळलेल्या काड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, त्यांत तिचे बीजाणू असतात. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या ताज्या जखमेवर जाऊन पडतात.

घाटावर कापलेलं टोक चार-पाच दिवसांत सुकून कडक होतं. पुण्यात वर्षाचा पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. आषाढात इथे दोरीवरचं धोतर वाळत नाही, तिथे काडीची जखम कशी वाळणार? ती ओलीच राहते आणि बुरशीला आत शिरायला हवा तेवढा वेळ मिळतो.

त्यात भर काळ्या ठिपक्यांची. पानांवर कडा फाटल्यासारखे गोल काळे डाग पडतात, पान पिवळं होतं, गळतं. या बुरशीला पान सलग सात-एक तास ओलं मिळालं की पुरतं आणि आपल्याकडे जुलैत पान कोरडं मिळालं तर नवल. ऑगस्टपर्यंत झाडाच्या निव्वळ काड्या उरतात. पानं नाहीत म्हणजे नवं अन्न तयार होणं थांबलं. झाड काड्यांत आणि मुळांत साठवलेल्यावर दिवस काढत असतं. नेमक्या त्याच वेळी आपण, ‘झाड अगदी उघडंबोडकं दिसतंय, जरा छाटून टाकू या’ म्हणतो आणि साठ्यासकट काड्या उडवतो.

मग लोक पावसात छाटतात तरी का? एक कारण घाटावरची वेळापत्रकं. मोबाइलवर दिसणारा माणूस पुण्याच्या किंवा नाशिकच्या गच्चीवर उभा असतो. जूनमध्ये हलकी छाटणी करा म्हणतो. त्याच्या गच्चीवर ते बरोबर आहे. दुसरं कारण गणपती. छाटणीपासून फूल उमलायला साधारण ४५ दिवस लागतात हे पुष्कळांना माहीत असतं. चतुर्थीपासून ४५ दिवस मागे मोजले की तारीख येते गुरुपौर्णिमेच्या दोन-चार दिवस इकडेतिकडे, म्हणजे ऐन आषाढात. हिशोब चोख असतो आणि झाड मरतं.

गणपतीला घरचा गुलाब हवाच असेल तर तो कुंडीत धरावा. दोन-तीन कुंड्या जूनच्या आधीच पडवीच्या कडेला किंवा पारदर्शक पत्र्याखाली घ्याव्यात, जिथे उजेड येतो पण पाऊस झोडपत नाही. त्यांची सुकलेली फुलं गुरुपौर्णिमेच्या सुमारास पाच-सहा इंच देठासकट काढावीत. जमिनीतल्या झाडांना हात लावू नये. फुलं मोजकीच येतील, उन्हाळी रंगही नसेल, पण देवाला चालतात.

आत्ता काडी काळी पडतेच आहे, काय करायचं

पहिल्यांदा खात्री करा. काळ्या रेघेच्या खाली दोन बोटं नखानं साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर तेवढी काडी जिवंत आहे. तरी एवढ्यावर थांबू नका, कारण साल हिरवी आणि आतला गाभा कुजलेला असंही होतं. म्हणून कापल्यावर छेद बघायचा. मधला गर पांढरा किंवा साईच्या रंगाचा असला पाहिजे. तो तपकिरी दिसला तर अजून खाली जा. पुन्हा कापा, पुन्हा बघा. पांढरा गर लागेपर्यंत थांबायचं नाही, मग काडी चार इंचच उरली तरी चालेल. इथे हात आखडता घेतला की महिन्याभरानं तीच काडी परत काळी.

कापायला उघडीप पाहिजे. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो तेव्हा दोन दिवस बरे मिळतात. सकाळी दहा-अकराला, झाड सुकल्यावर कापा, म्हणजे संध्याकाळच्या सरीपर्यंत टोकाला थोडं ऊन मिळेल. पंधरा दिवस झड लागलेली असेल तर मात्र वाट बघू नका, काळेपणा तुमच्यासाठी थांबत नाही. कापा आणि ताबडतोब लेप लावा.

प्रत्येक कापानंतर पातं स्पिरिटनं पुसायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि जवळपास कुणी करत नाही. एका रोगट झाडावरून त्याच कात्रीनं सगळी ओळ छाटली की रोग आपण स्वतःच वाटून दिला. कात्री दोन पाती एकमेकांवरून सरकणारी घ्यावी. सपाट पट्टीवर पातं आदळणारी कात्री हिरवी काडी चेंगरते आणि चेंगरलेली पेशी बुरशीला आयतीच मिळते. कापलेल्या काड्या खतखड्ड्यात टाकू नका. न्हाणीची चूल अजून पेटत असेल तर तिच्यात, नाहीतर लांब नेऊन जाळा.

आता लेप. कोकणात याबाबतीत आपण सुदैवी आहोत, कारण सुपारीवरच्या कोळेरोगामुळे मोरचूद आणि चुना ही जोडी आगरवाल्यांना नवी नाही. पण सुपारीवर फवारतात ते पातळ बोर्डो मिश्रण, १ टक्क्याचं. जखमेवर तेवढं पुरत नाही. जखमेला बोर्डो पेस्ट लागते. तिचं प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्या दहा-पंधरा झाडांना २० ग्रॅम मोरचूद, २० ग्रॅम चुना आणि २०० मिलिलिटर पाणी भरपूर झालं. मोरचूद निम्म्या पाण्यात एका प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा, चुना उरलेल्या पाण्यात दुसऱ्या भांड्यात, मग दोन्ही एकत्र ढवळा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. तसंच लावलं तर साल भाजेल. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उद्यासाठी ठेवायची नाही. जुन्या ब्रशनं टोकाला आणि टोकाखाली इंचभर सालीला लावा.

एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पूड थोड्या पाण्यात घट्ट कालवून लावली तरी काम होतं. कृषी सेवा केंद्रात ती सहज मिळते.

शेणाचं काय, हळदीचं काय, मेणाचं काय, हे विचारणारे असतातच. हळद लावल्यानं नुकसान नाही, पण आपल्या पावसात ती पहिल्या सरीला धुऊन जाते. शेणाचा गोळा कोरड्या हवेत छाट कलमाच्या टोकाला ठीक आहे, तिथे तो टोक सुकू देत नाही. पावसाळ्यात तेच उलटं पडतं. टोक सुकायलाच तर हवं आहे! मेणाखाली ओल अडकली की काम बिघडलं. पावसात तांबंच खरं, म्हणजे वरचे मोरचुदाचे नाहीतर कॉपरचे लेप.

पानांवरच्या काळ्या ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम, उघडीप बघून. बोर्डो पानांवर फवारायचंच असेल तर गुलाबाला अर्ध्या टक्क्याचं घ्या, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम मोरचूद आणि ५ ग्रॅम चुना. सततच्या ओलीत याहून कडक मिश्रणानं पानं करपतात. हातमोजे आणि तोंडाला फडकं विसरू नका. गळलेली पानं रोज वेचावीत. फवारणीइतकाच त्याचा गुण येतो आणि ते फुकट आहे.

मग खरी छाटणी कधी

पाऊस पूर्ण गेल्यावर. पंचांगातच खूण हवी असेल तर कोजागिरी धरा. तिथून ४५ दिवस मोजले की मार्गशीर्ष उजाडतो आणि गुरुवारच्या लक्ष्मीपूजेला फुलं तयार असतात. या हिशोबात झाडही मरत नाही. मात्र कोजागिरी कधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते, तर अधिक महिन्याच्या वर्षी शेवटच्या आठवड्यातही. लवकर आली असेल आणि दुपारी अजून गडगडून पडत असेल तर आभाळाचं ऐका. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गडग्यावरचं शेवाळ. चिऱ्यांवरचा तो हिरवा गालिचा तपकिरी होऊन सुटायला लागला की हवेतली ओल उतरली. भातकापणीही त्याच सुमारास लागते, त्यामुळे माणसं मिळत नाहीत ही वेगळी अडचण. पण गुलाब छाटायला माणूस लागतोच कशाला.

किती छाटायचं? घाटावरच्या पद्धतीनं गुडघ्याच्या खाली आणू नका. आपल्याकडे थंडी अशी पडत नाही की झाड झोपेल. ते बारा महिने जागंच असतं आणि त्याला पानं लागतात. मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी जातींचा, म्हणजे ग्लॅडिएटर वगैरेंचा, वरचा तिसरा हिस्सा काढला की पुरे. दोन-अडीच फूट झाड उभं राहिलं पाहिजे. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि एकदम बोडक्या केलेल्या काड्यांची साल पश्चिमेच्या बाजूनं भाजते. तो डाग म्हणजे पुढच्या पावसातलं बुरशीचं दार. त्यामुळे आतली निरोगी पानं राहू द्यायची.

क्रम असा ठेवला तर घोळ होत नाही. आधी मेलेलं सगळं, मग रोगट, मग एकमेकांवर घासणाऱ्या दोनांतली एक, मग पेन्सिलीहून बारीक किरकोळ काड्या, विशेषतः झाडाच्या पोटात वाढलेल्या. एवढं झाल्यावर पुष्कळदा लक्षात येतं की उंची कमी करायची फारशी गरजच नाही. उरलेल्या जाड काड्या बाहेर बघणाऱ्या डोळ्यावर कापा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाईल आणि पोटात वारा खेळेल. दमट हवेत हा वारा औषधाइतका महत्त्वाचा आहे.

काप डोळ्याच्या वर ५-६ मिलिमीटर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार देऊन. याहून जवळ कापलं तर डोळा सुकतो. याहून लांब कापलं तर वर खुंटी उरते. त्या खुंटीला पान नाही, डोळा नाही, रस तिच्यापर्यंत चढत नाही, म्हणून ती मरतेच आणि शेंडेमर तिथूनच सुरू होतो. कोकणातले निम्मे तरी शेंडेमर या दोन-दोन इंचांच्या खुंट्यांतून सुरू होतात असं माझं मत आहे. बोर्डोची पेस्ट ऑक्टोबरातही लावाच.

छाटणीआधी आठवडाभर पाणी तोडून मुळं उघडी टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. आपल्या जांभ्याच्या मातीत ती करू नये. माती पाणी धरत नाही, वरून ऑक्टोबर हीट आणि चार महिने भिजून मुळं आधीच अशक्त झालेली. उलट पाऊस गेल्या दिवसापासून पाणी सुरू करा. चार महिने पाणी घालायची सवय मोडलेली असते, म्हणून दसरा-दिवाळीत तहानेनं मेलेले गुलाब कमी नसतात.

गावठी गुलाबाला, तो गुलाबी, वासाचा, घराघरांत असतो त्याला, हे सगळं लागू करू नका. त्याचं मेलेलं आणि गुंतलेलं काढा, शेंडे वीतभर कमी करा, बास. वेलगुलाबाच्या लांब काड्या कापण्यापेक्षा आडव्या वाकवून कुंपणाला बांधल्या तर प्रत्येक डोळा फुटतो आणि फुलं पुष्कळ येतात. बटणगुलाबाला नुसती कात्री फिरवली तरी तो तक्रार करत नाही.

छाटलं, फुटलं, पण कळीच नाही

हा दुसरा नेहमीचा प्रश्न आणि याची कारणं बहुतेक वेळा तीनच.

एक, वर सांगितलेला खुंट. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ कलमांचा खुंट मल्टिफ्लोरा जातीचा असतो. त्याची काडी फिकट, लवचिक, काटे नाहीत किंवा फार कमी. सात पानांची असेल तर जंगली, पाचाची असेल तर खरी, असं जे सांगतात त्यावर विसंबू नका. चांगल्या पोसलेल्या हायब्रिड टीलाही सात पर्णिका, म्हणजे एका देठावरची सात छोटी पानं, येतात. खात्रीची ओळख पानाच्या बुडाशी आहे. देठ काडीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना पातळ पापुद्रा असतो. मल्टिफ्लोराच्या पापुद्र्याची कड झालरीसारखी, केसाळ फाटलेली असते, कलमी गुलाबाची जवळपास सरळ. एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही. असा फुटवा जमिनीलगत कापला तर त्याच जागी चार येतात. माती उकरून तो जिथून निघाला आहे तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उपटा.

दोन, सावली. गुलाबाला दिवसाचं सहा तास तरी ऊन हवं आणि माडा-पोफळींच्या आगरात ते मिळत नाही, हे उघड आहे. कमी उघड असलेली गोष्ट घराच्या उत्तरेची. मे ते जुलै सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेलाच असतो. त्यामुळे घराच्या उत्तर बाजूला तेव्हा छान ऊन येतं आणि पावसाच्या तोंडावर लोक तिथेच गुलाब लावतात. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर भर दुपारी तो साधारण पन्नास अंशांवरच असतो आणि चार मीटर उंच घराची सावली उत्तरेला जवळपास साडेतीन मीटर पडते. म्हणजे फुलांच्या ऐन हंगामात झाड सावलीत. मग लांब, मऊ, बिनकळीच्या फांद्या येतात आणि दोष खताला दिला जातो. जागा निवडायची तर पूर्वेची किंवा दक्षिणेची.

तीन, आंधळे फुटवे. झाड ठीक, जागा ठीक, तरी काही फांद्यांच्या टोकाला कळी न येता पान येऊन वाढ थांबते. बारीक काडीवर, दुबळ्या डोळ्यावर कापलं की हे जास्त होतं. अशी फांदी निम्म्यावर, पाच पर्णिकांच्या दणकट पानाच्या वर कापली की पुढचा फुटवा बहुतेक कळी घेऊन येतो. सगळेच फुटवे आंधळे असतील तर कारण क्रमांक दोनकडे परत जा.

वाळलेली फुलं काढताना

झाडाच्या दृष्टीनं फूल हे फळासाठी असतं. पाकळ्या गळल्यावर खालची बोंडी फुगू दिली की झाडाची ताकद बियांत जाते आणि नव्या कळ्या मंदावतात. बोंडी काढली की झाड पुन्हा फुलायच्या खटपटीला लागतं.

हिवाळ्यात, कोरड्या हवेत, नेहमीची रीत बरोबर आहे. फुलापासून खाली येत पहिलं पाच पर्णिकांचं, बाहेर बघणारं पान शोधा आणि त्याच्या वर कापा. तिथली काडी पेन्सिलीएवढी जाड नसेल तर आणखी एक पान खाली. लहान, पहिल्या वर्षाच्या झाडाला मात्र वरच्या वर काढा. त्याची पानं वाचवणं फुलापेक्षा महत्त्वाचं.

पावसाळ्यात ही रीत सोडायची. कात्री घरात ठेवा. फुलाच्या अगदी खाली देठ जिथे किंचित फुगीर असतो तिथे बोटांनी मोडा, तो स्वच्छ तुटतो. जखम छोटी राहते आणि एकही पान जात नाही. पण काढायचं मात्र रोज. भिजलेल्या पाकळ्या दोन दिवसांत चिकट गोळा होतात, त्यावर करडी बुरशी धरते आणि ती देठात उतरते. न उमलता आतल्या आत कुजणाऱ्या कळ्याही तशाच मोडून टाका, त्या उमलणार नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते, तिचा विचार बागकामाच्या सल्ल्यांत नसतो. पूजेचं फूल. परडी घेऊन सकाळी जो येतो तो फूल देठाच्या टोकाशी खुडतो, देवाला लांब देठ लागत नाही. यानं बोंडी आपोआप जाते, हे चांगलंच. पण प्रत्येक फुलामागे एक बोडका देठ झाडावर राहतो आणि महिन्याभरात झाडावर अशा वीस-पंचवीस खुंट्या उभ्या राहतात. कोरड्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा फिरून त्या चांगल्या पानापर्यंत कापून घ्याव्यात. फुलं तोडणारी आजी असेल तर तिला सांगायला जाऊ नका, गुपचूप नंतर कापा.

शेंडेमर नसलेलं काळेपण

पहिल्या वादळी पावसात समुद्राकडच्या बाजूची पानं कडेनं करपतात, कोवळे शेंडे काळे पडतात आणि दुसरी बाजू हिरवीगार असते. हा खारा वारा. छाटणी नको, औषध नको. गोड्या पाण्यानं झाड धुवा आणि पुढच्या वर्षी पश्चिमेला जास्वंदीचं कुंपण घाला. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हाही पानांच्या कडा अशाच जळतात. नारळाची सोडणं आच्छादनाला उत्तम, पण खाडीत भिजवलेली असतील तर एक पावसाळा बाहेर धुतली जाऊ द्या. आणि आच्छादन बुंध्याला टेकवू नका.

जुन्या काडीवर लालसर-तपकिरी खवले दिसले आणि नखानं खरवडून निघाले तर ती साल नाही, खवलेकीड आहे. जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी. छेदाच्या मधोमध गोल भोक दिसलं तर एखाद्या बारीक गांधीलमाशीनं किंवा मधमाशीसारख्या बारीक माशीनं घर केलेलं असतं. भोक संपेपर्यंत कापा, लेप लावा. मातीच्या रेघा चढल्या असतील तर वाळवी, आणि ती बहुधा आधीच मेलेल्या खुंटीवर आलेली असते.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी पडलं असण्याची शक्यता जास्त. आपल्या जांभ्यातून ते पावसाबरोबर वाहून जातं. एप्सम सॉल्ट लिटरला ५ ग्रॅम, पानांवर. चुलीची राख मूठभर मातीत मिसळली तर आंबटपणा थोडा कमी होतो. छाटणीनंतर खत लगेच नको, डोळे फुटून बोटभर झाले की शेणखत आणि निंबोळी पेंड. मासळी धुतलेलं पाणी देणारे पुष्कळ आहेत. चालतं, मात्र खारवलेल्या मासळीचं नको, आणि मांजरांनी माती उकरली तर त्याची जबाबदारी तुमची.

गाठीपर्यंत गेलंच असेल तर

झाड वाचवायचा नाद सोडा. मुळासकट काढा. त्याच खड्ड्यात लगेच दुसरं लावू नका, निदान माती तरी बदला. नवं कलम नोव्हेंबरात लावा, पावसाच्या तोंडावर नको. जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करा. कलमाची गाठ मातीच्या वर दोन इंच राहिली पाहिजे. आपल्याकडे बर्फ नाही, ती पुरायचं काही कारण नाही, आणि पुरली तर आधी गाठच कुजते.

आणि ज्यांचा गुलाब दर पावसाळ्यात जातो त्यांनी एक वर्ष कलम आणूच नये असं मी सांगेन. शेजारच्या गावठी गुलाबाची ऑक्टोबरात छाटणी होईल, त्यातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, सात-आठ इंचांच्या काड्या मागून आणा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा डोळ्याच्या थोडा वर. निम्मी काडी वाळूमिश्रित मातीत खोचा, सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या. सगळ्या लागणार नाहीत, म्हणून चार हव्या असतील तर दहा लावा. हे झाड स्वतःच्या मुळावर असतं. खाली दुसरा कुणी खुंट नाही, त्यामुळे शेंडेमर जमिनीपर्यंत आला तरी मुळातून फुटेल तो गुलाबच असेल.